वाट कुठे तुटते?

कर्जतहून लोणावळ्याकडे तुम्ही कधी आगगाडीने गेला आहात का? कर्जत स्थानकात गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात आणि मग गाडी बोरघाट चढू लागते. त्या वेळी शेजारचा एखादा प्रवासी मोबाइलवर बोलत असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्या. बोगदा आला, की त्याचे बोलणे अर्ध्यावर तुटते. "हॅलो, हॅलो," असे तो दोन-तीनदा म्हणतो. फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे रागाने पाहतो. बोगदा संपतो, तो पुन्हा फोन लावतो, आणि चार वाक्ये बोलून होतात न होतात तोच पुढचा बोगदा येतो.

त्याचा फोन बिघडलेला नसतो. फोन आणि मनोरा यांच्यामध्ये सह्याद्रीचा काळा कातळ आलेला असतो. घाटात हे आपल्याला लगेच कळते, कारण अडथळा डोळ्यांना दिसतो. घरात मात्र तो दिसत नाही. म्हणून घरी लॅपटॉपचे नेट वारंवार तुटू लागले, की आपण समोर असलेल्या लॅपटॉपलाच दोष देऊन मोकळे होतो.

आमच्या शेजारच्या घरात असेच झाले. आम्ही कर्जतला, उल्हास नदीपासून जवळच राहतो. शेजारच्या घरात अब्बा, अम्मी आणि त्यांची दोन मुले आहेत. मोठी मुलगी नुकतीच दहावी उत्तीर्ण झाली होती. धाकटा भाऊ तिला आपा म्हणतो. या पाठापुरते आपणही तिला आपाच म्हणू. साल होते २०२५. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. अर्ज संकेतस्थळावर भरायचा, कागदपत्रे तिथेच जोडायची, महाविद्यालयांचा पसंतीक्रमही तिथेच द्यायचा, आणि हे सारे ठरलेल्या तारखेच्या आत.

अब्बा रिक्षा चालवतात. त्यांनी आपासाठी एक वापरलेला लॅपटॉप घेतला होता. घरात वायफायही होते. पण जून महिना लागला, पाऊस सुरू झाला आणि लॅपटॉपचे नेट दिवसातून चार-पाच वेळा तुटू लागले. आपा अर्धा अर्ज भरी, तेवढ्यात नेट जाई. परत येईपर्यंत संकेतस्थळ तिला बाहेर काढून टाकी. मग पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा पहिले पान.

"जुना लॅपटॉप आहे बेटा, त्याचंच काहीतरी गेलं असणार," अब्बा म्हणाले. दुकानदारानेही तेच सांगितले. आधी आतले वायफाय कार्ड बदलून पाहू, नाहीच जमले तर दुसरा लॅपटॉप घ्या, असा त्याचा सल्ला होता. अब्बांनी भिशीचा हप्ता या महिन्यात आपल्याला उचलता येईल का, याची चौकशीही सुरू केली.

याच सुमारास त्यांनी मला हाक मारली. मी काही संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. मी शाळेत शिकवतो. मी एवढेच विचारले, "नेट तुटते म्हणजे नेमके कुठे तुटते?"

या प्रश्नाचा अर्थ नीट समजून घ्या. लॅपटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंत जाणारी वाट दोन टप्प्यांची असते. पहिला टप्पा लॅपटॉपपासून घरातल्या राउटरपर्यंत. राउटर म्हणजे भिंतीवर टांगलेली ती दिवे लुकलुकणारी पेटी. या टप्प्यात तार नसते, म्हणून याला बिनतारी जोडणी म्हणतात. दुसरा टप्पा पेटीपासून पुढचा. पेटीतून केसासारखा बारीक काचेचा धागा निघतो. त्याला फायबर म्हणतात. तो खांबांवरून जातो आणि त्यातून प्रकाशाच्या रूपाने माहिती ये-जा करते.

अब्बांना मी म्हटले, "तुमचा प्रवासी घरून स्टेशनवर रिक्षाने जातो आणि पुढे लोकलने मुंबईला. तो कामावर पोचला नाही, तर दोष रिक्षाचा की लोकलचा?"

अब्बा हसले. "लोकल बंद पडली आणि मी रिक्षाचं इंजिन उतरवून बसलो, असं झालं म्हणा की."

आता टप्पा ओळखायचा कसा? सर्वांत सोपी युक्ती म्हणजे दुसरे साधन पाहणे. लॅपटॉपचे नेट गेले, त्याच क्षणी घरातल्या मोबाइलचे वायफाय चालू आहे का? इथे एक फसगत होते, ती सांभाळा. वायफाय गेले तरी मोबाइल गुपचूप आपल्या सिमकार्डाचे नेट वापरू लागतो, आणि आपल्याला वाटते, याचे तर छान चालले आहे! म्हणून तपासणीपूर्वी मोबाइलचा डेटा बंद करावा. मोबाइल चालू आणि लॅपटॉप बंद, तर दोष बहुधा लॅपटॉपकडे किंवा तो ठेवला आहे त्या जागेकडे. दोन्ही बंद, तर संशय पेटीवर किंवा पेटीच्या पुढच्या वाटेवर.

दुसरी खूण पेटीवरच्या दिव्यांची. फायबरच्या पेटीवर एक दिवा बाहेरून प्रकाश येतो की नाही, हे सांगतो. बहुतेक पेट्यांवर तो प्रकाश येईनासा झाला, की लाल दिवा लागतो. पावसाळ्यात झाडाची फांदी पडून धागा तुटला, तर हेच होते. अशा वेळी लॅपटॉप दहा वेळा बंद-चालू केला तरी काही उपयोग नाही. कंपनीला कळवावे आणि वाट पाहावी.

तिसरी युक्ती आपाला फार आवडली. लॅपटॉपवर आज्ञा लिहिण्याचा एक काळा पडदा उघडता येतो. त्यावर 'पिंग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे एखादा पत्ता लिहायचा. लॅपटॉप त्या पत्त्याला जणू हाक मारतो आणि उत्तर किती वेळात आले, ते दाखवतो. घरच्या पेटीचा पत्ता बहुधा तिच्या खालच्या कागदी पट्टीवर छापलेला असतो. आपाच्या घरी तो १९२.१६८.१.१ असा होता. आधी पेटीला हाक मारायची, नंतर ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला. पेटी उत्तर देते आणि बाहेरचा पत्ता देत नाही, म्हणजे रिक्षा ठीक आहे, लोकल बंद आहे. पेटीच उत्तर देत नसेल, तर आपण घरातल्या घरातच अडकलो आहोत.

मी आपाला एक जुनी वही दिली. नेट तुटले, की वेळ लिही, मोबाइलचे काय झाले ते लिही, दिवे कसे होते ते लिही, आणि त्या वेळी घरात काय चालले होते तेही लिही. शेवटची सूचना तिला जरा विचित्र वाटली. पण तीच कामी आली.

दोन दिवसांत वहीत सात नोंदी झाल्या. त्यातली एक अशी होती : 'सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे. लॅपटॉप बंद, मोबाइलही बंद. पेटीचे सगळे दिवे विझले, मग एकेक लागले. अम्मी भाकरी करत होती. पंखा क्षणभर मंदावला.' पुढच्या नोंदीतही पंखा मंदावला होता. त्याच्या पुढच्या नोंदीत दिवा लुकलुकला होता. सातांपैकी पाच वेळा हेच!

तुमच्या लक्षात आले का? पावसाळ्यात वारा सुटला, की ओल्या फांद्या विजेच्या तारांना लागतात आणि वीज डोळ्याची पापणी लवावी तेवढाच वेळ जाते. तिला कोणी 'वीज गेली' असे म्हणतही नाही. पंखा फिरतच राहतो. लॅपटॉपला तर काहीच कळत नाही, कारण त्याच्या पोटात बॅटरी असते. पेटीला मात्र बॅटरी नसते. एवढ्याशा खंडाने ती बंद पडते आणि नव्याने सुरू होते. सुरू झाल्यावर तिला आपले सारे काम पहिल्यापासून करावे लागते. फायबरमधला प्रकाश शोधायचा, कंपनीकडून आपली ओळख पटवून घ्यायची, वायफायचे नाव हवेत सोडायचे. मग लॅपटॉपने ते नाव शोधायचे, पासवर्ड दाखवायचा आणि पेटीकडून आपला पत्ता मागून घ्यायचा. यात दोन-तीन मिनिटे सहज जातात. कधी कधी पेटी वायफायचे नाव आधी सोडते आणि बाहेरची जोडणी नंतर मिळते. तेवढा वेळ लॅपटॉपवर वायफायची खूण पूर्ण दिसते, पण पान काही उघडत नाही. पाहणाऱ्याला वाटते, पेटी ठीक आहे, लॅपटॉपच वेडा झाला आहे.

ज्याच्याजवळ बॅटरी होती तो जागा राहिला, आणि चोर म्हणून तोच पकडला गेला!

शेजारीपाजारी मात्र म्हणत होते, "पावसाने वायफाय जाते, दुसरे काय!" हा समज आपल्याकडे फार आहे, आणि त्याला कारणही आहे. खोपोली, कर्जत, नेरळ या भागात पावसाचा जोर वाढला, की छतावरच्या तबकडीचे दूरदर्शन संच थबकतात, हे सर्वांनी पाहिले आहे. तबकडीकडे येणाऱ्या लहरी सेकंदाला हजार कोटींहून अधिक कंपने करतात आणि उपग्रहाकडून येताना त्यांना काही किलोमीटर पावसातून वाट काढावी लागते. मोठ्या थेंबांपुढे त्या दुबळ्या होतात. घरातल्या वायफायच्या लहरींची कंपने सेकंदाला २४० कोटी किंवा सुमारे ५०० कोटी असतात, आणि त्यांना फक्त या खोलीतून त्या खोलीत जायचे असते. छपरावर पडणाऱ्या पावसाने त्यांचे काही बिघडत नाही. पाऊस दोषी होता खरा, पण तो विजेच्या तारांवरून आला होता, हवेतून नव्हे.

उपाय काय केला? राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. वहीएवढ्या या डब्यात बॅटरी असते. भिंतीतली वीज गेली तरी तो पेटीला काही तास वीज पुरवतो. तो घेताना पेटीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहे, ते वाचून घ्यावे लागते. आपाच्या पेटीवर १२ व्होल्ट होते. व्होल्ट जुळले नाहीत, तर पेटी जळू शकते. अब्बांनी स्वतः जाऊन यूपीएस आणला. नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च अगदीच थोडा होता. भिशीचा विषय तिथेच संपला.

पण सातांपैकी दोन नोंदी अजून शिल्लक होत्या. त्या दोन्ही वेळी वीज होती, दिवे लागलेले होते, मोबाइलही चालू होता. आपा मात्र मागच्या खोलीत बसली होती.

आता थोडे लहरींविषयी. उर्दूत 'मौज' म्हणजे पाण्याची लाट. मराठीत 'मौज' म्हणजे गंमत. शब्द एकच, पण नदी ओलांडताना त्याचा अर्थ बदलला! 'लहर' हा शब्द मात्र दोन्ही भाषांत लाटेचाच आहे. (मराठीत माणसाला अधूनमधून 'लहर' येते, ते वेगळे.) वायफायच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या प्रकाशाच्याच वेगाने जातात आणि भिंतीही ओलांडतात. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बसू यांनी अशाच न दिसणाऱ्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून तिथली घंटा वाजवून दाखवली होती. लोक थक्क झाले होते. तरी भिंत काही फुकट वाट देत नाही. विटांची एक भिंत लहरीतला थोडा जोर काढून घेते. जुन्या घरांची जाड दगडी भिंत पुष्कळच काढून घेते, आणि ती पावसाने ओली असेल तर आणखी. लोखंड आणि पत्रा तर लहरींना परतच पाठवतात.

आपाच्या घरी पेटी कुठे होती? पुढच्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, पोलादी कपाटाच्या मागे! तार तिथून आत आली म्हणून कामगाराने तिथेच ठोकली आणि वायर दिसू नये म्हणून घरच्यांनी पुढे कपाट सरकवले. मागच्या खोलीचे छप्पर पत्र्याचे. मध्ये एक जुनी दगडी भिंत. आपाचे टेबल त्या भिंतीला टेकूनच होते. म्हणजे तिने घरातल्या घरात एक लहानसा बोरघाट तयार केला होता.

पेटी मधल्या खोलीत दाराच्या वरच्या अंगाला नेली. फायबर मात्र विजेच्या वायरसारखा कोपऱ्यात दुमडून चालत नाही. आतली काच तुटते. म्हणून हे काम कंपनीच्या माणसाकडून करून घेतले.

तुमच्या घरी वायफायची दोन नावे दिसत असतील, तर तीही पाहून ठेवा. २४० कोटी कंपनांची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची असते. ती सावकाश काम करते, पण भिंतीतून बऱ्यापैकी पलीकडे जाते. ५०० कोटी कंपनांची लहर त्याच्या निम्मी. ती जलद, पण भिंतीपुढे लवकर थकते. पेटीजवळ बसून काम करायचे तर दुसरी चांगली, मागच्या खोलीत पहिली. पहिलीच्या वाटेवर गर्दी मात्र फार. भारतात २००५ साली ही पट्टी परवान्याशिवाय वापरायला मोकळी झाली. त्यामुळे शेजाऱ्यांच्या पेट्या, ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह भट्टीची गळती, सारे तिथेच असतात. दाटीच्या वस्तीत यानेही जोडणी अडखळते. पेटीच्या सेटिंगमध्ये १, ६ आणि ११ असे एकमेकांत न मिसळणारे मार्ग असतात. शेजारी जो वापरत नाहीत, तो आपण घ्यावा.

एक इशारा द्यायला हवा. पेटीच्या मागे सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. आपाच्या धाकट्या भावाने, मदत म्हणून, त्यात टाचणी खुपसून दाबून धरली. त्या बटणाने पेटी कारखान्यातून आली तशी कोरी होते. वायफायचे नाव, पासवर्ड, कंपनीने घातलेली माहिती, सारे पुसले जाते. एक संपूर्ण संध्याकाळ त्यात गेली. अम्मीने टाचण्यांची डबी आता वरच्या फळीवर ठेवली आहे.

आपाने अर्ज पूर्ण केला, त्या रात्री आमच्या वस्तीत वीज नव्हती. या वेळी ती खरोखरच गेली होती. तासभर सगळीकडे अंधार होता. मेणबत्ती शोधत मी दारात आलो, तर शेजारच्या खिडकीत निळसर उजेड दिसला. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू होता आणि पेटी यूपीएसवर. आपा पसंतीक्रम भरत होती आणि अब्बा मोबाइलच्या उजेडात गुणपत्रिका धरून तिला आसन क्रमांक वाचून दाखवत होते.

पुढे दिवाळीच्या सुटीत आपा खालाकडे खोपोलीला गेली. तिथेही लॅपटॉपचे नेट तुटत होते. पण तिच्या मावसभावाने कर्जतची हकिकत ऐकली होती. त्यामुळे त्याने लॅपटॉपकडे पाहिलेही नाही. पेटीचाच दोष, असे धरून बाजारातून नवा राउटर आणला. नेट तुटायचे ते तुटतच राहिले.

आपाने पिशवीतून वही काढली. मोबाइलचा डेटा बंद केला. लॅपटॉपचे नेट गेले, मोबाइलचे चालूच राहिले. पेटीच्या शेजारी बसले तरी तेच. मग एक गंमत दिसली. चार्जर लावलेला असेल तेव्हा नेट टिकायचे. चार्जर काढला, की थोड्या वेळात तुटायचे. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप आपले वायफाय कार्ड मधूनमधून झोपवत होता, आणि ते कार्ड झोपेतून नीट उठत नव्हते. विंडोजमध्ये उपकरणांची यादी असते. तिच्यात वायफाय कार्डाच्या गुणधर्मांमध्ये वीज बचतीचे पान मिळते. 'संगणकाला हे उपकरण बंद करू द्यावे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिथे असते. तिच्यापुढची खूण काढायची. (काही नव्या लॅपटॉपांत हे पान दिसत नाही. तिथे वीज बचतीची सेटिंग पाहावी.)

मावसभावाला लगेच वायफायचे नाव पुसून पुन्हा जोडायचे होते, कार्डाचा ड्रायव्हर नवा घालायचा होता, पेटीचा मार्गही बदलायचा होता. आपाने त्याला थांबवले. चारही गोष्टी एकदम केल्या, तर कशाने गुण आला ते कसे कळणार? एक बदल, मग दोन दिवस वहीत नोंद. त्या दोन दिवसांत वहीत काहीच लिहावे लागले नाही. बाकीचे तीन उपाय करायची वेळच आली नाही.

नवा राउटर दुकानदाराने परत घेतला नाही. तो खोक्यासह खालाच्या माळ्यावर आहे.

स्वाध्याय

१. लॅपटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंतच्या वाटेचे दोन टप्पे कोणते? अब्बांच्या भाषेत सांगा.

२. तपासणी करताना मोबाइलचा डेटा बंद का ठेवावा?

३. कारणे लिहा : (अ) वीज क्षणभर गेली तरी लॅपटॉपला कळले नाही. (आ) मागच्या खोलीत जोडणी तुटत होती.

४. 'मौज' आणि 'लहर' या शब्दांचा मराठीत आणि उर्दूत वाक्यांत उपयोग करा. असे आणखी दोन शब्द शोधा.

५. तुमच्या घरी किंवा शाळेत वरचेवर बंद पडणारी एखादी वस्तू निवडा. ती केव्हा बंद पडते आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालू असते, याची आठ दिवस नोंद ठेवा.